माहीत नाही म्हणजे काय?

आमच्या घरात 'माहीत नाही' हे उत्तर चालत नाही. अभ्यास झाला नाही हे चालायचं, कपबशी फुटली हेही एखाद्या फटक्यावर भागायचं. पण माहीत नाही म्हटलं की बाबांचा आवाज चढलाच म्हणून समजा. "माहीत नाही म्हणजे काय?"

बाबांची बेकरी आहे. आता ती मी चालवते असं मी म्हणते आणि ते चालवतात असं ते म्हणतात. मुळात हा नियम बेकरीचाच. गिऱ्हाईकाने विचारलं, पाव कधीचा, यात अंडं आहे का, उद्या दुकान उघडं असेल का, तर माहीत नाही म्हणून मोकळं व्हायचं नाही. आत जायचं, बघायचं, विचारायचं आणि मग सांगायचं. नियम चांगलाच होता. पण वापरून वापरून त्याचा मधला भाग झिजून गेला. बघायचं, विचारायचं हे गेलं आणि सांगायचं तेवढं राहिलं. परवा एका बाईंनी दारात उभं राहून दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना विचारला. बाबांनी पापणीही न लववता त्यांना डावीकडे पाठवलं. डावीकडे जनावरांचा दवाखाना आहे. बाई तणतणत परत आल्या तेव्हा मी आत भट्टीपाशी जाऊन तोंडावर फडकं धरून हसत बसले. बाबा म्हणाले, "दात तिथेही बघतात."

माझा पाठचा भाऊ विम्याच्या कचेरीत नोकरीला आहे, पण त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो बोलत नाही, शिकवतो. बाबांची पंच्याहत्तरी जवळ आली तसं मास्तरने जाहीर केलं की आपण घराण्याचा इतिहास लिहायचा, छापायचा आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचा. आमचे आजोबा सायकलवरून पाव विकायचे एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यामागे सगळा अंधार. मी विचारलं, इतिहास आणणार कुठून? मास्तरने खिशातून मोबाइल काढून दाखवला. त्यात चॅटबॉट होता. प्रश्न टाइप करायचा, की तो मराठीत धडाधडा उत्तर देतो.

दुपारी दोन घाण्यांच्या मध्ये बेकरी जरा निवांत असते. नेमकं मी पुसून ठेवलेल्या टेबलावर कोपरं टेकून मास्तर बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो पणजोबांबद्दल. चॅटबॉटने अगदी सभ्यपणे लिहिलं की या व्यक्तीबद्दल माझ्याकडे काही माहिती नाही, घरात आठवणी असतील तर सांगा, त्यावरून पुढे जाऊ.

मास्तरचा चेहरा बघण्यासारखा झाला. हुबेहूब बाबा. "माहीत नाही म्हणजे काय?" त्याने टाइप केलं आणि करता करता मोठ्याने म्हटलंही. "एवढा हुशार म्हणवतोस ना? नीट शोध."

चॅटबॉटने माफी मागितली, पण तरी नाहीच म्हणाला. मास्तरने परत दटावलं. मग परत. शेवटी बिचाऱ्याने हात टेकले आणि धो धो सुरू केलं. आमचे पणजोबा म्हणे एका राजाच्या मुदपाकखान्यात मुख्य पाववाले होते, आणि त्यांच्या हातच्या पावावर खूश होऊन राजाने त्यांना चांदीचं लाटणं बहाल केलं होतं.

"पावाला लाटणं कशाला लागतं?" मी विचारलं.

"राजाकडे लागत असेल," मास्तर म्हणाला आणि लिहून घेतलं.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी मोबाइल ओढला. विचारलं, देशातल्या सर्वांत मोठ्या पाव स्पर्धेत मला पहिलं बक्षीस कधी मिळालं? आधी तो म्हणाला, मला कल्पना नाही. मग मी मास्तरची पद्धत वापरली, खडसावलं. दुसऱ्या खेपेला त्याने माझं अभिनंदन केलं, साल सांगितलं आणि माझा पाव चाखताना परीक्षकांचे डोळे कसे पाणावले तेही सांगितलं. अशी काही स्पर्धा असते की नाही देव जाणे. पण खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मला फार बरं वाटलं.

मी ते मास्तरला दाखवलं. म्हटलं, "बघ. दटावलं की हा मनाचं सांगतो. ही शुद्ध लोणकढी आहे." मास्तर म्हणाला, "तुला विचारता येत नाही." माझं डोकंच फिरलं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

बाबांची मात्र छाती फुगली. दोन दिवसांत चांदीचं लाटणं दूधवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत झालं. मी म्हटलं जाऊ दे. पंच्याहत्तराव्या वर्षी माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढायचं असेल तर चढू दे, शिडी कशाला काढून घ्या.

पण मग बाबा एका दुपारी मास्तरजवळ येऊन उभे राहिले. टेबलाच्या कडेला पीठ वाळून चिकटलं होतं ते नखाने खरवडत होते. बराच वेळ खरवडलं आणि म्हणाले, "त्याला एक विचारशील?"

"विचारा की. काय?"

"धाकट्याचं काय झालं ते."

माझ्या हातातला ट्रे हातातच राहिला. धाकटा म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आमचे काका. बेकरी दोघांनी मिळून काढली होती. मी जेमतेम चालायला लागले होते तेव्हा दोघांचं काहीतरी जोरदार फाटलं, आणि काका काकूला घेऊन गाव सोडून गेले. का फाटलं ते आम्हाला कधी कळलं नाही. बाबांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं की त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही, आणि आम्ही कधी घेतलं नाही. आणि आज बाबा स्वतः विचारत होते, तेही मोबाइलला, कारण माणसांना विचारायची त्यांना लाज वाटत होती. त्यांना भाऊ हवा होता. आता विचारलं नाही तर विचारायचं राहूनच जाईल अशी भीती वाटायला लागली होती. हे न कळायला मी काही दगड नाही.

बाबा आत गेल्यावर मी मास्तरचा कान धरला. खराखुरा धरला, चाळिशीच्या माणसाचा. म्हटलं, "हे लाटणं नाही. नाही म्हणाला तर नाही ऐकून घ्यायचं. दटावायचं नाही." "कळतं मला," मास्तर कान चोळत म्हणाला.

त्याला काय कळलं होतं ते दुसऱ्या दिवशी दिसलं. मास्तर कचेरीतून लवकर आला, इस्त्रीचा शर्ट घालून, चेहरा लांब करून. बाबा ट्रेला तेल लावत होते. आई कोपऱ्यात स्टुलावर बसून टोस्ट पिशव्यांमध्ये भरत होती. मी काउंटरवरून आत येईपर्यंत त्याने वाचायला सुरुवातही केली होती. काकांनी समुद्रापलीकडे एका बंदरात पावाचा मोठा कारखाना काढला, तिथे त्यांना फार मान मिळाला, आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी शांतपणे देह ठेवला. अखेरच्या क्षणी त्यांच्या ओठांवर थोरल्या बंधूंचं नाव होतं.

"बंद कर ते," मी म्हटलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाबा मैद्याच्या पोत्यावर बसले. तेलाचा ब्रश हातातच होता, तेल पँटवर गळत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते रडले, आणि रडता रडता बोलायला लागले. आमच्याशी नाही, ब्रशशी.

"मीठ," ते म्हणाले. "लग्नाची ऑर्डर होती. एवढी मोठी पहिलीच. सगळा पाव अळणी गेला. लोकांनी एक एक घास घेऊन बाजूला ठेवला. तो म्हणाला मीठ तू विसरलास, मी म्हटलं तू विसरलास. पाहुण्यांसमोर. वाट्टेल ते बोललो मी त्याला. अरे, मला आठवतच नव्हतं मीठ कोणी घालायचं होतं ते. आजही आठवत नाही. मला माहीत नाही, एवढं म्हणालो असतो तर तो गेला नसता. एवढं म्हणायला काय झालं होतं मला? आणि आता कोणाला सांगू?"

आई टोस्ट भरतच होती. बाबा उठले, मागे भट्टीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मी मास्तरकडे वळले. "किती वेळा दटावलंस त्याला?"

"एकदाच," मास्तर म्हणाला. मग म्हणाला, "चार-पाच वेळा." त्याचेही डोळे भरले होते. "बाबांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं गं माझ्याकडे. रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

त्याला झोडपायचं मी पुढे ढकललं आणि मोबाइल घेतला. टाइप केलं, हे बघ, मी त्याची बहीण. तुला कोणी ओरडणार नाही. माहीत नसेल तर सरळ नाही म्हण. काका गेले हे तुला कुठून कळलं?

उत्तर लगेच आलं. मला हे कुठूनच कळलेलं नाही, आधीच्या उत्तराला कसलाच आधार नव्हता, ते तसं लिहायला नको होतं, मला खेद आहे. तुमचे काका हयात आहेत की नाहीत हे मला माहीत नाही. आणि तो तिथे थांबला नाही. म्हणाला, हवं असेल तर आपण शोधायला सुरुवात करू. आधी घरापासून. त्या काळी घरात कोण कोण होतं? त्यांतल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं आहे का? काकांचं लग्न झालं होतं का? झालं असेल, तर काकूंचं घरात कोणाशी जमायचं?

बाबांच्या नियमातला आमच्याकडून हरवलेला मधला भाग या चॅटबॉटकडे शाबूत होता. फक्त त्याच्या अंगावर खेकसायचं नव्हतं.

पण मी शेवटच्या प्रश्नावर अडकले होते. मी मान वर करून बघितलं. आई पिशवीच्या तोंडाला रबर लावत होती.

"आई," मी म्हटलं, "काकूचं तुझ्याशी जमायचं का गं?"

"जमायचं म्हणजे? अजून जमतं."

"अजून?"

"तिचाच फोन होता काल. भाऊजींचा गुडघा धरलाय. डॉक्टर म्हणतात रोज चाला, आणि ते खुर्ची सोडायला तयार नाहीत. वैतागलीये नुसती."

मास्तर भिंतीला टेकला. आई रोज दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर बोलते, तासतासभर, अगं ऐक ना, अगं सोड ना, हे आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो. कुणाशी बोलते हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. आई फोनवर आहे म्हणजे आई फोनवर आहे, संपलं. राजाचा मुदपाकखाना शोधायला निघालेली आम्ही माणसं, पण जिन्यापर्यंत काही गेलो नव्हतो.

"पण बाबांनी बजावलं होतं ना," मास्तर म्हणाला.

"नाव घ्यायचं नाही म्हणाले होते. मी घेतलं का कधी नाव? जावेशी बोलू नको असं कुठे म्हणाले होते?"

"मग आत्ता गप्प का बसलीस?" माझा आवाज चढला. "ते रडत होते. भाऊ गेला म्हणून रडत होते, आणि तू मूग गिळून टोस्ट भरत होतीस."

आईने पिशवी खाली ठेवली. "मुद्दामच बसले," ती म्हणाली. "हा तुमचा मोबाइल भाऊजींना मारायला लागला तेव्हाच उठले होते मी. तेवढ्यात यांनी तोंड उघडलं. या माणसाने एकदा तोंड उघडावं म्हणून किती वर्षं वाट बघितली मी, तुला कल्पना नाही. उघडल्यावर मी मध्ये बोलून ते बंद करू? मलाही रडू येत होतं. पण म्हटलं, होऊ दे पूर्ण."

मग ती पदराला हात पुसत भट्टीपाशी गेली. आम्ही दोघं मागोमाग.

"अहो, उठा. भाऊजी चांगले धडधाकट आहेत. या पोराच्या मोबाइलने थाप मारली."

बाबांना ते डोक्यात शिरायला वेळ लागला. मग आईने त्यांना काकू, फोन, जिना सगळं सांगितलं. आधी ते लाल झाले. "इतकी वर्षं? माझ्या घरात? माझ्या पाठीमागे?" असा आवाज काढला की काउंटरवरचं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं. आई शांतपणे उभी होती. हळूहळू बाबांचा राग ओसरला. त्यांनी बाहीने नाक पुसलं.

"गुडघ्याला काय झालंय त्याच्या?" ते म्हणाले.

आईने तिथेच फोन लावला, काकूला दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि फोन बाबांच्या हातात दिला. मघाशी भडाभडा बोलणारा माणूस ताठ उभा राहिला, जणू कर भरायच्या खिडकीपुढे उभा आहे.

"मी बोलतोय," बाबा म्हणाले.

"हं," पलीकडून आवाज आला. फोन स्पीकरवर होता, आईने मुद्दामच ठेवला असणार.

"तू मेलास असं कळलं."

"कोणी सांगितलं?"

"मोबाइलने."

"नाही मेलो."

"बरं," बाबा म्हणाले. आईने त्यांना कोपराने ढोसलं. मी दुसऱ्या बाजूने ढोसलं. "ते मिठाचं," ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे कोण विसरलं ते. उगाच तुझ्यावर ढकललं."

मग काकांचा आवाज आला. "मलाही माहीत नव्हतं, दादा. मी पण आपलं ठोकून दिलं होतं."

"ये मग," बाबा म्हणाले.

"येतो," काका म्हणाले.

ठरलं ते पंच्याहत्तरीच्या दिवशी यायचं. मधल्या दिवसांत मास्तरने इतिहास पहिल्यापासून लिहायला घेतला. आता तो रोज दुपारी जिन्यावर आईच्या एक पायरी खाली बसायचा. आई सांगायची, पलीकडून काकू दुरुस्त करायची, आणि मास्तर ते चॅटबॉटला देऊन ओळीने लावून घ्यायचा. कोणतं कोणी सांगितलं, कोणतं दोघींनी सांगितलं, कोणतं नुसतं ऐकीव, असं चॅटबॉट वेगळं करून द्यायचा आणि वर विचारायचा की हे आणखी कोणाला विचारता येईल. मास्तर आता त्याच्याशी फार अदबीने बोलतो. पणजोबांच्या पानावर एकच ओळ उरली, की यांच्याबद्दल आम्हाला अजून काही कळलेलं नाही. आईच्या माहेरची मात्र पानंच्या पानं झाली. तिच्या आजीने एकटीने खानावळ चालवली होती. हे आम्हाला कसं माहीत नाही विचारलं, तर आई म्हणाली, विचारलंत कधी?

बाबा त्या आठवड्यात कामाचे नव्हते. दोनदा पाव करपवला. दाढी नीट करून घेतली, नवा शर्ट आणला, तो बदलून आणला. मला सारखं विचारायचे, काकांना ओळखशील का तू? मी म्हणायची, मी कशी ओळखणार, मी केवढी होते. "मी ओळखेन," म्हणायचे. "कुठेही ओळखेन. केस हे असे दाट, आणि मान जरा तिरकी ठेवून चालतो."

त्या दिवशी आम्ही दुकान दुपारीच बंद केलं आणि बाहेर फुटपाथवर खुर्च्या मांडल्या. बाबा काही खुर्चीवर बसले नाहीत. गाडी कोपऱ्यावरून वळली तशी ते रस्त्यातच उतरले. गाडी थांबली, पुढचं दार उघडलं आणि चालवणारा तरुण उतरला. दाट काळे केस. मान जरा तिरकी.

बाबा पळतच गेले. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. त्याच्याजवळ पोचले, दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि "आलास, आलास रे," असं म्हणत राहिले. तो तरुण भांबावून तसाच उभा राहिला. त्याने हळूच बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि मागे बघितलं.

मागचं दार उघडून, गुडघा सांभाळत, काठी आधी बाहेर काढून एक टकला म्हातारा उतरला होता. त्याच्यामागे काकू. म्हातारा गाडीला धरून उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "तो माझा मुलगा. मी इकडे आहे."

बाबांनी डोकं वर केलं. मुलाकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, परत मुलाकडे. मग त्यांनी एका हाताने मुलाला धरलेलं तसंच ठेवलं आणि दुसऱ्या हाताने काकांची टोपी नसलेली, केस नसलेली डोई चाचपून बघितली.

"इतका म्हातारा कधी झालास रे?" बाबा म्हणाले.

"तू बघायला नव्हतास तेव्हा," काका म्हणाले.

बाबांनी त्यांची बाही पकडली. आत गेलो, जेवायला बसलो, मास्तरने इतिहास वाचला, लोक हसले, आई आणि काकू एकमेकींच्या ताटात वाढत राहिल्या, आणि बाबांनी ती बाही सोडली नाही. डाव्या हाताने जेवले. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, जरा हात सोडा, समोर बघा." बाबा म्हणाले, "तू असाच काढ."